कापसाची खोली

व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागे जे पांढरं दिसायचं, त्याबद्दल पहिल्याच दिवशी चौघांनी विचारलं. एकाला ते भिंतीचं प्लॅस्टर वाटलं, एकीला पडदा. आमच्या टीम लीडना वाटलं, मी बर्फाच्या डोंगराचं बॅकग्राउंड लावलंय. क्लायंट असताना असलं काही लावत जाऊ नका, असं त्यांनी जरा नाराजीनेच सांगितलं. मी म्हटलं, सर, कापूस आहे. पलीकडून काहीच आवाज नाही. नेटवर्क गेलं समजून मी 'हॅलो, हॅलो' करत बसले.

तीस क्विंटल कापूस होता. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घराची मधातली खोली जमिनीपासून पार छताच्या फाट्यांपर्यंत भरलेली. दाराजवळ एक बाज मावेल एवढीच जागा मोकळी. त्या बाजेवर २०२० चा मार्च, एप्रिल, मे आणि अर्धा जून, असं माझं ऑफिस चाललं.

कापूस घरात ठेवायची कोणाला हौस नसते. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा माल दिवाळीच्या आगंमागं निघून जातो, कारण कृषी केंद्रवाला, सोसायटी, किराणा हे सगळे त्याचीच वाट पाहत असतात. त्यानंतरचा ठेवायचा, भाव चढेल म्हणून. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. मार्चच्या शेवटी गाडी भरायची, असं बाबांनी ठरवलं होतं. गाडी भरायच्या आधी मी येऊन पोचले, आणि माझ्यामागून टाळेबंदी.

मी पुण्यात एका पगारपत्रकं करणाऱ्या कंपनीत आहे. आठ लहान-मोठ्या कंपन्यांच्या अडीचेक हजार लोकांचे पगार आम्ही काढतो. हजेरी, रजा, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, सगळं. १८ मार्चला लॅपटॉप घरी न्या म्हणाले. दोन आठवड्यांचा तर प्रश्न, असं जो तो म्हणत होता. २० तारखेच्या रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हा बॅगेत चार ड्रेस होते. त्यातलेही दोन लग्नकार्यात घालायचे, कारण गावाला जाताना आपण तेच घेतो.

यवतमाळात तोवर दुबईहून परतलेल्यांमध्ये रुग्ण सापडले होते, आणि गावाच्या हिशेबी पुणे म्हणजे दुबईच. मी फाट्यावर उतरले तर नेहमी बॅग उचलायला धावणारा चुलतभाऊ दहा हातांवर उभा. घरी पोचायच्या आधी आशाताई रजिस्टर घेऊन ओट्यावर हजर. नाव, कुठून आली, खोकला आहे का. चौदा दिवस बाहेर निघायचं नाही. बाबा दारात उभे होते. घरात घेताना कधी नव्हे ते चाचरले.

"बाई, तू कापसाच्या खोलीत राय. तेथं कोणी येत-जात नाई."

अशी ती खोली मला मिळाली. पुढच्या आठवड्यात गावच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून आडवी बंडी लावली गेली. मी एक दिवस उशीर केला असता, तर काट्यांच्या पलीकडे राहिले असते.

दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या. आईने माझ्या उंबरठ्यावर एक जर्मनची परात आणि लाटणं ठेवलं आणि मागे सरकली. मी आत बसून परात वाजवली. कापसाने तो आवाज असा गिळला की ओट्यावरून आई ओरडली, "वाजवून राह्यली का नाई व?"

त्या खोलीचा हा गुण मला तेव्हाच कळला. कापूस आवाज पितो. बाहेर कोंबडं आरवो, पिठाची गिरणी चालो, चुलतीचं आणि तिच्या सुनेचं वाजो, कॉलवर फक्त माझा आवाज, कोरा आणि जवळचा. पुण्यातल्यांची मुलं, कुकर, कुत्री ऐकू यायची. माझ्याकडे काही नाही. एका क्लायंटने विचारलं, मॅडम, तुमच्याकडे स्टुडिओ आहे का?

पण त्या स्टुडिओचे नियम बाबांनी केले होते. खोलीत कूलर चालणार नाही, कारण पाण्याची हवा कापसाला लागते. खरेदीवाले आर्द्रता मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे भाव कापतात, बारा टक्क्यांवर गेला तर गाडी परत. खोलीत उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे लावायचे होते, तर बाबांनी आमच्या घरचा दिवा अंगणाच्या पार टोकाला, तुळशीच्याही पलीकडे ठेवायला लावला. आणि चार्जर. लॅपटॉपचा चार्जर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ते दचकले.

"हे तं तापून राह्यलं! रात्रीतून ठिणगी उडाली तं घर जाईन, कापूस जाईन अन् तूबी जाशीन."

क्रम लक्षात घ्या. मग तीच थाळी वाजवायची परात कामी आली. परातीत दोन बोटं वाळू, वाळूवर चार्जर, आणि ही परात ओसरीत, कापसापासून दूर. दिवसातून दोन वेळा लॅपटॉप तिथे नेऊन ठेवायचा. त्याची बॅटरी सव्वातीन तास टिकायची. मी माझ्या मीटिंगा त्या सव्वातीन तासांत बसवायला शिकले. ऑफिसात कोणालाच कळलं नाही की 'मला हार्ड स्टॉप आहे' असं मी रोज साडेबाराला का म्हणते.

विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दल मी काही लिहीत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात पारा ४७ ला टेकला, एवढं पुरे. त्यात बिनकूलरची खोली. आणि त्यात खाज.

कापूस घरात ठेवलेल्यांना हे सांगायची गरज नाही. ऊन तापायला लागलं की साठवलेल्या कापसातून बारीक किडे निघतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. आधी मनगटं, मग मान, मग कंबर. अंगभर लाल पुरळ. दवाखान्यात दरवर्षी एप्रिल-मेमध्ये याच तक्रारीची रांग असते. त्या वर्षी तर घरोघरी कापूस पडून, त्यामुळे अर्धं गाव खाजवत होतं, आणि अंगाला काही उठलं की लोकांच्या मनात आधी कोरोनाच यायचा. आई रोज निंबाचा पाला टाकून पाणी उकळायची. मी पूर्ण बाह्यांचा लग्नाचा ड्रेस घालून कॉलवर बसायचे. एकदा म्यूट काढायला विसरले आणि पाठ खाजवता खाजवता जे सुस्कारे टाकले, ते सगळ्या टीमने ऐकले.

चौदा दिवस संपले, मी खोलीबाहेर यायला लागले. आता प्रश्न वेगळाच होता. आमच्या गावात घरून काम न करणारे म्हणजे मास्तर आणि ग्रामसेवक. ते तालुक्याहून येतात नि जातात. बाकी सगळ्यांचं काम घरातून, अंगणातून, गोठ्यातून सुरू होतं आणि तिथेच परत येतं. त्यामुळे घरून काम ही कल्पना कोणाला नवी नव्हती. बसून काम, ही नवी होती. शेजारच्या बाया आईला विचारायच्या, "पोट्टीले काढून टाकलं काय व?" आईचं उत्तर ठरलेलं, "काढलं असतं तं दिवसभर लोकाईशी इंग्रजीत भांडली असती काय?"

तिला माझं काम भांडण वाटायचं. फार चूक नव्हतं ते. २९ मार्चला केंद्राचा आदेश आला होता की टाळेबंदीत कामगारांची मजुरी कापू नका. आमचे दोन क्लायंट रोज फोन करून विचारायचे, हे आम्हाला लागू आहे का, नक्की लागू आहे का. मी रोज सांगायचे, लागू आहे. हेच मी पुण्यातल्या टेबलावरून बोलले असते, तर त्याला कोणी भांडण म्हटलं नसतं.

बाबांची अडचण निराळी होती. त्यांना काम दिसायला पाहिजे. संध्याकाळी ते विचारायचे, आज किती झालं? डवरण किती एकर झालं, वेचणी किती मण झाली, तसं. मी म्हणायचे, चारशे लोकांची हजेरी झाली. ते मान हलवायचे. चारशे हा आकडा त्यांना पटायचा, पण ती चारशे माणसं कुठे आहेत, हे काही लक्षात यायचं नाही.

एप्रिलमध्ये आमच्या दोघांच्या पाळ्या जुळल्या. ते असं झालं.

विहिरीवर उन्हाळी भुईमूग होता, दीड एकर. कृषी पंपांची थ्री फेज लाइन आमच्याकडे एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात ओलित रात्री. आणि दाणे भरायला लागले की रानडुकरांसाठी जागल आलीच. डुकरं दीड एकर भुईमूग एका रात्रीत नांगरून ठेवतात, अन् आपल्यापेक्षा सरळ तासात. म्हणून बाबा रोज रात्री जेवून वावरात जायचे. निंबाच्या झाडाला धरून चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, त्यावर बाज, हाताशी बॅटरी, काठी आणि एक रिकामा तेलाचा डबा.

इकडे माझं नेटवर्क. दिवसा गावातली सगळी पोरं घरात, सगळी मोबाइलवर. फाइल अपलोड व्हायला लागायची आणि ९२ टक्क्यांवर जाऊन बसायची. रात्री अकरानंतर जरा वाट मोकळी व्हायची. महिनाअखेर जवळ आली होती, आणि मी घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, फोन उंच धरून उभी होते. बाबा बॅटरी घेऊन निघाले होते. खालून म्हणाले, "माळ्यावर चाल. तेथून टावरचा लाल दिवा दिसते."

सासरी जाताना पोरगी मागे वळून पाहते, तशी आई त्या रात्री माझ्याकडे पाहत होती. मुली जागलीला जात नाहीत. पण टाळेबंदीत पाहायला होतं कोण?

माळ्यावर चार कांड्या आल्या. मी बाजेवर मांडी घालून बसले, लॅपटॉप पोत्यावर, फोनचा हॉटस्पॉट बल्लीच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला. खाली मोटार सुरू झाल्याचा आवाज, मग दांडात पाणी शिरल्याचा. बाबा फावडं घेऊन पाणी वळवायला उतरले. त्यांची बॅटरी सरीसरीने पुढे सरकत होती आणि माझ्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. ९२ आलं, गेलं. ९३. मी ओरडले, "झालं!" अंधारातून ओ आली, "काय झालं? साप हाय काय?"

त्या रात्रीपासून महिनाअखेर माळ्यावर, असं ठरूनच गेलं. एप्रिलच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता टीम लीडचा कॉल आला. हात मोकळे नव्हते म्हणून स्पीकरवर घेतला. त्यांना मोठ्याने बोलायची सवय. एक तास ते एक्सेलच्या फॉर्म्युल्यांवर बोलत होते आणि त्यांचा आवाज भुईमुगावरून पार नाल्यापर्यंत जात होता. कॉल संपल्यावर बाबा म्हणाले, "तुह्या सायबाचा आवाज चांगला हाय. आज डुकरं आली नाई. उद्या हाय काय बोलनं?"

मी काय करते, ते त्यांनी पहिल्यांदा नीट विचारलं ते १३ मेनंतर. त्या दिवशी अर्थमंत्र्यांनी पीएफचा हप्ता १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला, मे, जून, जुलै या तीन महिन्यांसाठी. म्हणजे आम्हाला अडीच हजार माणसांच्या पत्रकात सूत्र बदलायचं. मी त्यांना सांगितलं की, पगारातून म्हातारपणासाठी कापतात, ते तीन महिने जरा कमी कापणार, म्हणजे हातात जरा जास्त पडेल. जे आधीच साठलंय त्यातूनही काढायला परवानगी दिलीय, पाऊण हिस्सा किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार, दोन्हींत कमी असेल ते.

त्यांनी विचार केला.

"म्हंजे आपल्याच कनगीतलं काढून आपल्यालेच देल्लं."

हो, म्हटलं.

"अन् सरकारनं देल्लं म्हनून सांगतलं."

या विषयावर नंतर मी पुष्कळ लेख वाचले. यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

मजुरी कापू नका हा आदेश मेच्या मध्यानंतर उठला. मग पत्रकात एक नवा रकाना आला. कोणाचे दहा टक्के, कोणाचे तीस. एका हॉटेलच्या यादीत तर हजेरीच्या जागी ओळीने शून्य. मी माळ्यावर बसून ती शून्यं भरत होते. पुण्यात असते तर कॉफी घ्यायला उठले असते. तिथे उठून जायला जागा नव्हती. माळा केवढा, तर सहा बाय चार. बाबा शेजारी कुशीवर पडले होते, झोपलेत असं मला वाटलं होतं.

"हे काय भरून राह्यली?"

"लोकांचा पगार कापून राहिले."

"कडता?"

मी थांबले. बाजारात माल मोजल्यावर अडत्या वजनातून कापतो, तो कडता. क्विंटलमागे अमुक किलो, मातीचे, ओलीचे, कशाचेही. भांडून उपयोग नसतो, कारण माल गाडीतून उतरलेला असतो.

"हो, कडता."

"पगाराले बी असते?"

आयुष्यभर ते मला नोकरी कर, नोकरी कर म्हणत आले, ते याच एका भरवशावर. वावराचं काही ठरलेलं नसतं, नोकरीचं ठरलेलं असतं. मी पुढे स्क्रोल केलं. शेवटची शीट आमच्या कंपनीची होती. माझं नाव एकशे चौदाव्या ओळीत. वीस टक्के. तो आकडा मला माझ्याच हाताने टाकायचा होता. मी टाकला. बाबांना काही बोलले नाही. ते मात्र उठून बसले आणि डबा वाजवायला लागले. डुक्कर वगैरे काही नव्हतं.

टाळेबंदीत थांबलेली हमीभावाची सरकारी खरेदी पुन्हा सुरू झाली तेव्हा आधी नोंदणी करावी लागायची, मग निरोप येणार, मग गाडी न्यायची. केंद्रावर रोज मोजक्याच गाड्या. बाबांचा फोन साधा, म्हणून नोंदणीला माझा नंबर दिला. म्हणजे माझ्या फोनवर दोन गोष्टींची वाट पाहणं सुरू झालं. क्लायंटच्या मंजुरीची आणि कापसाच्या नंबराची. मधात एक खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी, येऊन ४,२०० ला मागून गेला. मी लगेच एक्सेलमध्ये मांडलं. हमीभावाशी तीस क्विंटलवर चाळीस हजार पाचशेचा फरक. बाबांना दाखवलं. त्यांनी ते तोंडीच करून ठेवलं होतं, शिवाय मृगाला किती दिवस राहिले, हेही. बीटी बियाण्याची पिशवी ७३० रुपयांना, आणि कृषी केंद्रवाला त्या वर्षी उधारीचं नाव काढू देत नव्हता. तीन रात्री ते हो-नाही करत होते. आमच्या माळ्यावर त्या तीन रात्री फार कोणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी क्लायंट कॉलच्या ऐन मधात मेसेज आला. मी म्यूट केलं, दार उघडून ओरडले, "आला नंबर!" आणि परत येऊन म्हटलं, सॉरी, युअर व्हॉइस वॉज ब्रेकिंग.

रात्रभर गाडी भरली. चुलतभाऊ, तोच दहा हातांवरचा, आता खांद्याला खांदा लावून कापसाचे गठ्ठे उचलत होता. मीही भरला. पोरं वर चढून कापूस तुडवत होती. दुसऱ्या दिवसाची अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. केंद्रावर ग्रेडरने कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढलं, चिमटीत ओढून धागा पाहिला. सगळं मिळून अर्धा मिनिट. वरच्या ग्रेडात बसला नाही, खालच्यात बसला. उन्हाळ्यात सुकून वजनातही घट आलेली. तरी खेडा खरेदीपेक्षा बरंच बरं. पैसे खात्यात पडायला पुढे बरेच दिवस गेले, पेरणी अखेर उधारीवरच झाली. ती एक निराळीच कथा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ती खोली झाडली. कानाकोपऱ्यांतून सरकी, पत्ती, वाळलेल्या पाकळ्या निघाल्या. भिंतीचा रंग निळा आहे हे मी विसरूनच गेले होते. बाबांनी स्वतः परात आणून खोलीच्या मधात ठेवली, वाळूसकट. कूलरही लावला. आता चार्जर इथेच लाव म्हणाले.

दहाला कॉल सुरू झाला. मी बोलायला लागले, तर पुण्यात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, आज तुझा आवाज किती घुमतोय. जागा बदललीस का?"

म्हटलं, नाही, जागा तीच. कापूस विकला.

ती हसली. तिला वाटलं, आमच्याकडची काहीतरी म्हण असेल.